मोगलाईतून पानांच्या टोपल्या

नगरहून जामखेडला जायचं तर परमुलखातून जावं लागतं, हे मुलींना भूगोल शिकवताना मी कितीदा तरी सांगितलं असेल. फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढायचा, आग्नेयेला त्याचा तुटका तुकडा दाखवायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत 'निजामाचे राज्य' असं लिहायचं. मुली वहीत उतरवून घेत आणि मी हात झटकून पुढच्या तालुक्याकडे वळत असे. त्या मोकळ्या जागेत काय असतं, ते मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

गेल्या फाल्गुनात जामखेडहून निरोप आला की वन्संना बरं नाही. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. यजमानांना कचेरीतून रजा मिळेना, तेव्हा शाळेत चार दिवसांचा अर्ज टाकून मीच निघाले. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं, आणि सर्व्हिस मोटार अजून कोळशाच्या धुरावरच धापा टाकत होती.

जाताना आधी आपला नाका लागला. वन्संसाठी घेतलेले आंबेमोहोर तांदूळ तिथल्या शिपायाने काढून घेतले, कारण धान्य मुलखाबाहेर न्यायला बंदी. मी म्हटलं, अहो, मी नगर जिल्ह्यातून नगर जिल्ह्यातच चालले आहे. तो म्हणाला, ते खरं, पण मध्ये मोगलाई आहे ना. पुढे मोगलाईत शिरताना करोडगिरीचा नाका, म्हणजे त्यांची जकात. तिथे जवानाने माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडायला लावली आणि विकायला नेता का म्हणून विचारलं. मी त्याच्या तळहातावर एक फोड ठेवली आणि हे कोणी विकत घेईल का ते तूच सांग, असं म्हटलं. त्याने ती खाल्ली आणि हसून झाकण लावलं. मोगलाईतून बाहेर पडताना पुन्हा तेच. माझ्या शेजारी एक कापडवाला बसला होता. त्याचं गाठोडं प्रत्येक नाक्यावर सुटलं, पसरलं, मोजलं गेलं आणि पुन्हा बांधलं गेलं. शेवटी तो बिचारा घड्यासुद्धा नीट घालीनासा झाला.

जामखेड

वन्सं अंथरुणात उठून बसल्या होत्या. मला बघून त्यांचं निम्मं दुखणं पळालं आणि त्यांनी हुलग्याची शेंगोळी करायचा घाट घातला. आमच्याकडे नगरलाही शेंगोळी करतात, पण इथे त्यात लसूण इतका घालतात की घास घेण्याआधी नाकच जेवतं. दोन वेळा मागून घेतली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

गावचा बाजार पाहून मला उदास वाटलं. ओटे होते, माणसं होती, पण माल नव्हता. गूळ, कापड, काड्यापेटी, जे हातात घ्यावं ते नगरपेक्षा महाग. मी कुरकुरले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "अगं, ही किंमत वस्तूची नाही, वाटेची आहे." त्यांच्या शेजारच्या तेल्याने घाणा बंद केला होता, पलीकडच्या कोष्ट्याने माग मोडून पुण्याची वाट धरली होती. लढाईने त्यांचं काही केलं नव्हतं. सूत यायला आणि लुगडं जायला जी वाट होती, तिच्यावर इतके हात पसरलेले होते की घरी बसणंच परवडत होतं.

जेवण झाल्यावर मी माझा पानाचा डबा काढला. मला विड्याचं व्यसन आहे. शाळेतल्या मुलींपासून मी ते लपवते आणि त्या मला ते कळू न देता हसतात. तेवढ्यात वन्संचे शेजारी गेनूतात्या ओट्याशी आले. गावाबाहेर ओढ्यालगत त्यांचा पानमळा. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगठ्यात लोखंडाची नखी, पान खुडायची. त्यांनी केळीच्या पानात गुंडाळलेली पानं पुढे केली. मी एक तोंडात घातलं आणि बोलायची थांबले. नगरला जामखेडी पान म्हणून जे मिळतं ते जाड, तिखट, चघळून दाढ दुखावी असं. हे जिभेवर ठेवलं की विरघळत होतं.

हेच पान आम्हाला का पाठवत नाही, असं मी तात्यांना जरा फणकाऱ्यानेच विचारलं. ते ओट्याच्या कडेला टेकले आणि त्यांनी समजावून सांगितलं. कोवळं पान दोन दिवसांच्या वर टोपलीत राहत नाही, उबतं आणि काळं पडतं. नाक्या-नाक्यावर टोपल्या उपसायच्या, पानं मोजायची, पुन्हा रचायची, यात चार दिवस जातात. म्हणून गेली कित्येक वर्षं ते खालचं जून पानच खुडून धाडत होते. वेलाच्या शेंड्याचं चांगलं पान गावात वाटायचं, नाहीतर तिथेच गळून जायचं. "नाका सोसंल आसंच पान खुडाया लागलो बाई," ते म्हणाले. आम्हा नगरकरांच्या तोंडची चव नाक्यावर ठरत होती, आणि आम्ही नावं मळ्याला ठेवत होतो.

मळा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळा बघायला गेले. कुडाच्या दाराशी चपला काढायच्या असतात. पानमळ्यात कोणी पायताण घालून जात नाही, देवळासारखंच. आत शेवरीच्या आणि शेवग्याच्या आधाराने वेल चढलेले, हिरवा अंधार, पायाखाली ओली गार माती. बाहेर जामखेडचं फाल्गुनातलं उजाड माळरान आणि आत हे. मला तिथून हलावंसं वाटेना.

तात्यांचा मुलगा सोपान मात्र आत पायताणासकट उभा होता. तिशीचा, अंगाने दणकट, बोलायला कडू. त्याचंही काही चुकत नव्हतं. नगरच्या हुसेनभाई तांबोळ्यांचा निरोप त्यानेच आणला होता. हुसेनभाईंचे वडील या मळ्याचं पान घेत आणि आता तेही घेत. पण गिऱ्हाईक जून पानाला कंटाळलं होतं. या खेपेला पान मऊ आलं तर लग्नसराईभर तुमचंच घेईन, नाहीतर पुण्याहून आगगाडीने मागवीन, असं त्यांनी सांगितलं होतं. बापलेकांत ठरलं होतं की एवढी एक खेप करून बघायची. ती फसली तर सोपान वेल काढून ज्वारी पेरणार होता.

ही एक खेप करायला तात्या धजले त्याला कारण होतं. नुकतीच बाजारात दवंडी पिटली होती की मोगलाईतून नुसता पलीकडे जाणारा माल आता पहिल्या नाक्यावर एकदाच बघायचा, बांधायचा आणि लाखेची मोहोर लावायची. शेवटच्या नाक्यावर फक्त मोहोर बघून गाडी सोडायची. उपसणं नाही, मोजणं नाही, मधली जकात नाही. तात्यांनी ती दवंडी दोनदा ऐकली म्हणे, एकदा बाजारात आणि एकदा दवंडीवाल्याला मळ्यात बोलावून, विडा देऊन.

आणि त्यांनी कोवळं पान खुडलं. बायका, पुरुष, सगळा मळा खुडायला बसला. माझी परतीची मोटार आस मोडून कुठे तरी पडली होती आणि शाळा तर गाठायची होती. म्हणून टोपल्यांच्या बैलगाडीत एका कोपऱ्यात घोंगडी टाकून मलाही जागा मिळाली. शेंड्याच्या पानांचा ओला, तिखटगोड वास पाठीशी घेऊन तात्या, सोपान आणि मी निघालो.

पहिला नाका

मोगलाईच्या पहिल्या नाक्यावर सगळं इतकं सुरळीत झालं की मला शंका यायला हवी होती. कारकून तरुण होता आणि नव्या रीतीचा त्याला उत्साह होता. टोपल्या बघितल्या, वर तरट शिवून घेतलं, टाक्यांवर लाख ओतली आणि मोहोर उमटवली. चहा निवायच्या आत आम्ही मोकळे. सोपानसुद्धा हसला.

फक्त निघताना कारकून म्हणाला की नगरला पोचेपर्यंत, निदान मोगलाईचा शेवटचा नाका ओलांडेपर्यंत, टाका उसवायचा नाही. ही पहिलीच गाडी आहे. पहिल्याच गाडीची मोहोर फुटली तर सवलत तुमचीच नाही, सगळ्यांचीच जाईल.

तेव्हा तात्यांनी कनवटीचं एक पान काढलं, कपाळाला लावलं, त्यावर हात ठेवला आणि मोहोर फुटणार नाही असं म्हणाले. कारकुनाला ते बहुधा गमतीचं वाटलं. मला वन्संनी पूर्वी सांगितलेलं आठवलं: पानमळेवाले देवाची शपथ घेतात ती बाजारात, आणि पानाची घेतात ती क्वचित. पानावर हात ठेवून शब्द मोडला तर वेल जळतो, असं ते मानतात.

पान टोपलीत ठेवलं की मधूनमधून उघडून फिरवावं लागतं, पाणी शिंपडावं लागतं, उबलेलं काढून टाकावं लागतं. जुन्या रीतीत नाक्यावर टोपल्या उपसत तेव्हा हे आपोआप होत असे. नवा नियम कापडाच्या गठ्ठ्यांकडे बघून केला होता. कापडाला तहान लागत नाही. पण तात्यांचा हिशेब सरळ होता: वाट दीड दिवसाची, तेवढं पान राहतं.

दुसरा नाका

वाटेतल्या मुक्कामाचं सांगण्यासारखं काही नाही. भाकरी, ठेचा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी मोडलेली झोप. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मोगलाईच्या शेवटच्या नाक्यावर पोचलो. एक लिंब, एक आडवा बांबू, मागे नाकेदाराचं घर.

नाकेदार मध्यमवयीन, नीटनेटका, बीडकडचा, मराठी स्वच्छ बोलणारा. त्याने मोहोर निरखून बघितली, पुन्हा बघितली. मग माझ्याकडे वळून, शिकलेली म्हणून असेल, म्हणाला, "हुकूम आला आहे बाई. मोहोर बघून सोडा, असं लिहिलंय. पण खरी मोहोर दिसते कशी, त्याचा नमुना कोणी धाडलेला नाही."

मी हसले. त्याला हसू आलं नाही. याआधी इथे होता त्या नाकेदाराने एक गाडी न बघता सोडली होती आणि त्याची नोकरी गेली होती. याने लगेच तालुक्याला स्वार पिटाळला, नमुना घेऊन ये म्हणून. लबाड माणूस असता तर दोन रुपयांत काम झालं असतं; हा सरळ निघाला, हे आमचं दुर्दैव.

दुपार झाली. ऊन चढलं. तात्या लिंबाखाली गाडी लावून तरटावर पाणी ओतत होते. पाणी तरटातच जिरत होतं. मधूनच ते टोपलीवर पालथा हात ठेवून बघत, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. संध्याकाळच्या आत त्यांना जे कळलं ते मलाही वासाने कळलं. तिखटपणा जाऊन नुसता गोड वास यायला लागला होता.

नाकेदाराच्या बीबीने मला आत बोलावलं. खिचडी आणि चिंचेचं आंबट सार पुढे ठेवलं. मी दुसऱ्याच्या हातचं खात नाही, म्हणजे खात नसे. त्या दिवशी जेवले. मग तिने पितळेचं सुरेख पानदान माझ्यापुढे उघडलं. चुना होता, कात होता, सुपारी होती, पान मात्र सुकून कागद झालेलं. नाक्यावरून पानाच्या गाड्या जातात आणि तुमच्याकडे ही कळा का, असं मी विचारलं. नवरा गाडीतलं एक पान घेत नाही, ती म्हणाली, घेऊही देत नाही. तिच्या बोलण्यात तक्रार होती की अभिमान, मला कळलं नाही.

बाहेर आले तर नाकेदार तात्यांपाशी उकिडवा बसला होता. तो म्हणत होता की टाके तुम्हीच उसवा. मी जुन्या रीतीने मोजून, जकात घेऊन आत्ता सोडतो; पाणी मारा, पानं फिरवा, उद्या नगरला असाल. फक्त मोहोर वाटेत फुटली, असं मला लिहावं लागेल.

सोपानने कमरेचा चाकू काढलाच. तात्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पयल्याच गाडीची मोहोर फुटली, आसं वर जाईल," ते म्हणाले. "मागनं गूळवाले हायेत, सूतवाले हायेत. समद्यांची वाट बंद हुईल."

"त्येंची वाट बगायची का आपला मळा?" सोपान म्हणाला. "मोहोर पानासाठी हाय का पान मोहरेसाठी?"

"म्या पानावर हात ठिवलाय."

एवढं म्हणून ते पुन्हा पाण्याकडे वळले. मी बोलले. मी तासभर बोलले असेन. शपथ घेताना नमुन्याची अडचण ठाऊक नव्हती, फसलेल्या शब्दाला कोणी बांधील नसतो, असं सगळं मी त्यांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि तरटावर पाणी ओतत होते. मला त्यांचा राग आला. आजही त्या रागातला थोडा माझ्यात आहे, आणि त्यांच्याविषयी जे वाटतं ते त्या रागाच्या शेजारीच आहे.

स्वार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. नाकेदाराने नमुना मोहरेशेजारी धरला. रेघेला रेघ जुळली. तो उठून उभा राहिला, त्याने स्वतः बांबू वर केला आणि वहीत लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवलं: मोहोर शाबूत. तात्यांनी त्याला रामराम केला. सोपानने बैलांच्या शेपट्या पिळल्या.

आता मोहरेची गरज उरली नव्हती, तरी तात्यांनी टाके उसवले नाहीत. ते काम आमच्या बाजूच्या नाक्यावरच्या कारकुनाने केलं. त्याने तरट फाडलं, आत हात घातला आणि काळा, चिकट हात बाहेर काढला. उपरण्याने नाक धरून तो म्हणाला, जा, जा लवकर. इतक्या झटपट त्या नाक्यावरून मी कधी सुटले नव्हते.

नगर

हुसेनभाईंनी दुकानाच्या मागच्या पडवीत टोपल्या उतरवून घेतल्या. ते आणि तात्या समोरासमोर बसून पानं निवडत राहिले. सांभाळून, एकेक पान सोडवून, जसा काही त्याचा अजून बाजार होणार होता. सगळ्या टोपल्यांमधून ओंजळभर पानं निघाली. हुसेनभाईंनी त्यातलं एक पुसलं, चाखलं आणि मान खाली घातली.

"तात्या, पान वाईट नव्हतं," ते म्हणाले.

 

पुन्हा जामखेड

यंदा वन्संच्या नातीच्या बारशाला पुन्हा गेले, आणि तिथून परत आल्यावर हे लिहायला बसले आहे. सर्व्हिस मोटार आता पेट्रोलवर धावते. मोगलाईच्या नाक्यावर ती थांबली आणि माझं लोणचं बाहेर काढून होईतो निघालीही. टपावर गुळाच्या ढेपा होत्या, सुताचे गठ्ठे होते, सगळ्यांवर लाखेची मोहोर; आता ती नगरलाच लावून मिळते. जवान शिडीवर चढला, मोहोर बघून उतरला. नाकेदार तोच होता. मला ओळखून जवळ आला आणि आपणहून म्हणाला की गेल्या सालच्या पानवाल्याच्या मोहरेवर वरच्यांचा भरवसा बसला, आता सगळ्या नाक्यांना नमुने आहेत. तात्या कसे आहेत, असं त्याने विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

जामखेडचा बाजार भरला होता. कोष्ट्यांचे दोन माग पुन्हा चालू झाले होते, तेल्याचा घाणा करकरत होता. वन्संनी बारशासाठी घेतलेलं कापड नगरच्याच दराने मिळालं होतं. ही दवंडी खरी होती. माल अडवला नाही की गाव जगतं, एवढी साधी गोष्ट होती ती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर घडत होती.

संध्याकाळी ओढ्याकडे फिरायला गेले. ज्वारी कापून झाली होती, धसकटं पायाला टोचत होती. बरीच आत गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझ्या पायात चपला आहेत आणि मी तात्यांच्या पानमळ्यात उभी आहे. मी चपला काढल्या. मग ते वेडेपणाचं वाटलं, आणि तरी धसकटांतून अनवाणीच परत आले.

तात्या वन्संच्या ओट्यावर बसलेले होते. थकले होते. अंगठ्यात नखी तशीच. मला बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते नाक्याचं. मी सांगितलं की गाडी थांबली न थांबली. ते "बरं झालं" म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं, याविषयी मला शंका नाही.

बारशाच्या विड्यांसाठी वन्संनी बाजारातून पानं आणवली होती. ताट मी त्यांच्यापुढे केलं, आणि करता करता मला कळलं की ही पानं कुठली. पुण्याहून आगगाडीने नगर, नगरहून मोहोर लावून, ज्या वाटेने तात्यांची पानं गेली त्याच वाटेने उलट जामखेडला आलेली. ताट मागे घेता येईना.

तात्यांनी एक पान उचललं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून ते हलकेच चोळलं, उजेडाकडे धरलं, नखीने देठ खुडलं.

"कवळं हाय," ते म्हणाले. "उबलं न्हाई."

आणि चुना न लावता, सुपारी न घालता, तसंच कोरं पान त्यांनी तोंडात घातलं.